विडनेस: मीठ, धूर आणि कुजक्या अंड्यांचा वास

पापडखार (धागाकर्ता)

लेकीकडे वॉरिंग्टनला तीन महिने मुक्काम आहे. जावई दर शनिवारी विचारतो, बाबा, चेस्टर की लिव्हरपूल? मागच्या शनिवारी म्हटलं, मला विडनेसला सोड. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तिथे काय आहे?" म्हटलं, माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरातला सहा मार्कांचा प्रश्न आहे.

माटुंग्याला युडीसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाच्या कॉलेजात, असताना धुण्याचा सोडा बनवायच्या दोन पद्धती आम्हाला शिकवल्या. पहिली लेब्लांक. सरांनी फळ्यावर समीकरणं लिहिली, "ही आता कोणी वापरत नाही" म्हणाले, फळा पुसला आणि सॉल्व्हेकडे वळले. पुढे सगळी नोकरी रसायनांच्या कारखान्यांत गेली, पण त्या पुसलेल्या समीकरणांवर एक अख्खं गाव उभं राहिलंय हे निवृत्त झाल्यावर समजलं.

आधी ठिकाण. मर्सी नदी लिव्हरपूलपाशी समुद्राला मिळायच्या जरा अलीकडे एका जागी अरुंद होते. दक्षिणेच्या काठावर रनकॉर्न, उत्तरेच्या काठावर विडनेस. १८३० पर्यंत इथे फार्नवर्थसारख्या वाड्या आणि शेती, बाकी काही नाही. १८३३ साली सेंट हेलेन्सकडून कालवा आणि रेल्वे दोन्ही इथे नदीपर्यंत येऊन पोचले. आता हिशेब मांडा. कोळसा सेंट हेलेन्सचा, मीठ पलीकडच्या चेशरचं, चुनखडी उत्तर वेल्समधून, आणि माल न्यायला नदी दारात. १८४७ साली जॉन हचिन्सन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने कालवा आणि नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पहिला कारखाना टाकला. त्या पट्टीला आता स्पाइक आयलंड म्हणतात. हचिन्सन चाळिशीतच गेला, पण तोवर गावाचं नशीब ठरून गेलं होतं.

सोडा कशाला, तर काच, साबण, कागद आणि कापड, सगळ्यांनाच तो लागतो. पूर्वी तो लाकडाच्या नाहीतर समुद्री शेवाळाच्या राखेतून काढत. निकोलस लेब्लांकने १७९१ मध्ये फ्रान्समध्ये साध्या मिठापासून सोडा करायचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये तो धंदा फोफावला १८२५ साली मिठावरचा कर उठल्यावर. (आपल्याकडे तोच कर उठवा म्हणून १९३० साली शिरोड्याला सत्याग्रह करावा लागला. एकाच सरकारचं मीठ, पण न्याय दोन.)

पद्धत अशी. मिठावर गंधकाम्ल ओतायचं आणि तापवायचं. खाली 'सॉल्टकेक' उरतो, वर हायड्रोजन क्लोराइडचा पांढरा धूर जातो. तो सॉल्टकेक कोळसा आणि चुनखडीबरोबर भाजला की काळी राख मिळते. ती पाण्यात भिजवायची, पाण्यात सोडा उतरतो, तळाशी चोथा राहतो. ऐकायला पाककृतीसारखं वाटतं. पण ८ टन सोड्यामागे साडेपाच टन आम्लाचा धूर आणि ७ टन चोथा निघायचा. म्हणजे कारखान्याचं मुख्य उत्पादन घाणच. सोडा हे उपउत्पादन.

धूर सुरुवातीला सरळ चिमणीतून सोडत. तो हवेतला ओलावा धरून आम्ल होऊन खाली यायचा. झाडं निष्पर्ण, कुंपणं वठलेली, कुलपं गंजलेली. यावर उपाय विल्यम गॉसेजने १८३६ मध्येच काढला होता, तोही जुगाड पद्धतीने. वुस्टरशरमधली एक ओसाड पवनचक्की घेतली, आत काटेरी झुडपं आणि काटक्या ठासून भरल्या, वरून पाणी सोडलं, खालून धूर. धूर वर चढेपर्यंत पाण्यात विरघळून जायचा. आज आपण ज्याला पॅक्ड टॉवर म्हणतो, आणि ज्याची उंची काढताना आमची रात्र जायची, त्याचा हा पणजोबा! हे गॉसेज पुढे १८५० मध्ये विडनेसला आले आणि साबणावर गबर झाले.

इलाज हाताशी होता, पण सक्तीचा व्हायला १८६३ साल उजाडलं. लॉर्ड डर्बींनी उमरावांच्या सभागृहात प्रश्न लावून धरला, समिती बसली आणि अल्कली कायदा आला: धुरातलं ९५ टक्के आम्ल पकडलंच पाहिजे. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. 'आम्लवर्षा' हा शब्द १८७२ मध्ये रूढ केला तो यांनीच. त्यांनी मालकांना कोर्टात खेचण्यापेक्षा समजावण्यावर भर दिला, आणि धूर खरंच घटला.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पकडलेलं आम्ल गेलं कुठे? नाल्यात. आणि चोथा? कारखान्याबाहेर, ढिगारे करून. त्या चोथ्याला इथले लोक 'गॅलिगू' म्हणतात. त्यात मुख्यतः कॅल्शियम सल्फाइड. नाल्यातलं आम्ल त्या ढिगाऱ्याला लागलं की हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांचा वायू. कायदा एका वायूसाठी होता, तो पाळला, आणि त्याच पाळलेल्या कायद्यातून दुसरा वायू गावभर पसरला. १८७६ मध्ये या सगळ्यावर पुन्हा शाही आयोग बसवावा लागला.

मला विडनेसचं कुतूहल आहे ते याच्यासाठी. इथे घाण कधी संपली नाही, तिचा पत्ता बदलत गेला. हवेतली पाण्यात, पाण्यातली जमिनीत. आज स्पाइक आयलंडवर हिरवळ आहे, १९७५ ते १९८२ च्या दरम्यान साफसफाई करून बाग केली. कालव्याच्या दारांशी बदकं, कुत्री फिरवणारे आजोबा, आइस्क्रीमची गाडी. जावई म्हणाला, "बाबा, छान आहे की!" म्हटलं, छानच आहे, फक्त कुदळ मारू नकोस.

गॉसेज यांच्या जुन्या इमारतीत आता रसायनउद्योगाचं संग्रहालय आहे, 'कॅटलिस्ट'. काचेच्या लिफ्टने गच्चीवरच्या दालनात जाता येतं. वरून तीन पूल एका नजरेत: १८६८ चा रेल्वेचा, १९६१ चा कमानीचा आणि २०१७ चा तारांवर तोललेला.

जमलं तर पुढचा भाग लिहीन. चुका काढा.

खुसपट

काका, लेख आवडला. वाचनखूण साठवली. एक शंका: लोकांनी तक्रारी केल्या नाहीत का? पन्नास वर्षं गप्प बसले?

पापडखार

केल्या की. पण कोणी केल्या ते बघा. जेम्स मसप्रॅट म्हणून डब्लिनचे एक उद्योजक, त्यांनी १८२३ च्या आसपास लिव्हरपूलमध्ये लेब्लांक सुरू केलं. शेजाऱ्यांनी खटले भरले. त्यांनी चिमणी उंच केली, तर धूर जास्त लांब गेला आणि जास्त लोकांनी खटले भरले! मग ते न्यूटन नावाच्या गावी गेले. तिथे आजूबाजूला बड्या जमीनदारांची राखलेली रानं. झाडं मेल्यावर तेही कोर्टात गेले, जिंकले, आणि कारखाना १८५१ मध्ये बंद झाला. त्यानंतर मसप्रॅट यांच्या मुलाने कारखाना काढला तो विडनेसला. इथे राखायला रान नव्हतं आणि वकील करायला जमीनदार नव्हता. राहणारा प्रत्येक जण एक तर कारखान्यात कामाला, नाहीतर कारखान्यातल्या माणसाला भाडेकरू ठेवणारा. नुकसान सिद्ध करायला आधी काहीतरी मालकीचं असावं लागतं.

सायली_मर्सीकाठ

मी लिव्हरपूलला राहते, हौसेने स्थानिक इतिहास वाचते. काका, तुम्ही यंत्रांचं छान लिहिलंत, माणसं राहिली. म्हणून थोडी भर.

ही वस्ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांची. आयर्लंडमधून, वेल्समधून, पुढे १८८० नंतर पोलंड-लिथुआनियातूनही. बारा-बारा तासांच्या पाळ्या. सगळ्यांत वाईट काम ब्लीचिंग पावडर भरणाऱ्यांचं. शिशाने मढवलेल्या खोलीत जमिनीवर विझवलेला चुना पसरायचा, आत क्लोरीन सोडायचा. चुन्याने तो पिऊन घेतला की माणसांनी फावडी घेऊन आत शिरायचं आणि पिंपं भरायची. तोंडावर फ्लॅनेलच्या कितीतरी घड्या घट्ट बांधलेल्या, डोळ्यांना चष्मे, उघड्या कातडीला चरबी चोपडलेली. क्लोरीनला कामगारांनी नाव ठेवलं होतं 'रॉजर'. म्हणजे आपल्याकडे 'आज बंड्या आलाय' म्हणावं तसं. विनोदच, पण रॉजर ज्याच्या छातीत शिरला त्याला विनोद सुचत नसणार.

सॉल्टकेकच्या भट्टीवरच्यांचे दात जायचे. आम्लाची वाफ सतत तोंडात, पुढचे दात झिजून काळे खुंट उरत. १८९७ साली एका पत्रकाराने इथे फिरून यावर लिहिलं तेव्हा लंडनकरांना धक्का बसला. वास्तविक १८८८ मध्येच एका वर्तमानपत्राने विडनेसला इंग्लंडातलं सगळ्यांत घाणेरडं, कुरूप आणि उदास गाव ठरवलं होतं. पण ते गावाबद्दल होतं, दातांबद्दल नाही.

जाता जाता, इथल्या रग्बी संघाचं जुनं टोपणनाव 'केमिक्स'. लोक अजून अभिमानाने म्हणतात.

पापडखार

सायली, मनापासून आभार. टोचणी बरोबर आहे. आमच्या पिढीला फ्लोशीटमध्ये (कारखान्याच्या प्रक्रियेच्या आकृतीत) माणूस काढायला शिकवलंच नाही.

तिरकस

इंग्रजांचा धूर इंग्रजांनी खाल्ला. आपण का हळहळायचं? दीडशे वर्षं राज्य करून गेले, थोडे दात गेले तर बिघडलं काय?

सायली_मर्सीकाठ

दात राज्य करणाऱ्यांचे नाही गेले हो, आयरिश दुष्काळात पळून आलेल्यांचे गेले.

पापडखार

तिरकसराव, आणि ती ब्लीचिंग पावडर कुठे जायची? लँकेशायरच्या गिरण्यांत, कापड शुभ्र करायला. त्यातलं किती कापड आपल्या बाजारात उतरायचं, ते टिळकांच्या काळात होळ्या पेटवणाऱ्यांना विचारा. त्या शुभ्रपणाच्या एका टोकाला विणकराचा बंद पडलेला माग होता आणि दुसऱ्या टोकाला फ्लॅनेल बांधलेला आयरिश माणूस.

निगेटिव्ह

थांबा थांबा. विडनेस म्हणजे हर्टर आणि ड्रिफील्डचं विडनेस का? कोणीच बोललं नाही!

आम्ही डार्करूमवाले. फिल्मवर किती उजेड पडला आणि ती किती काळी झाली याचा जो आलेख असतो, त्याला 'एच अँड डी कर्व्ह' म्हणतात. पायाशी वळण, मध्ये सरळ चढ, वर खांदा. फोटोग्राफी शिकताना हा आलेख आम्हाला श्लोकासारखा पाठ. यातला एच म्हणजे फर्डिनांड हर्टर, स्वित्झर्लंडचा रसायनतज्ज्ञ, आणि डी म्हणजे व्हेरो ड्रिफील्ड, इंजिनिअर. दोघे विडनेसच्या सोडा कारखान्यात नोकरीला. फोटोग्राफी हा रविवारचा छंद. त्या काळी फोटो किती वेळ उघडा ठेवायचा हे अंदाजपंचे चालायचं, ते या दोघांना सहन होईना. मोजमापाची सवय ना! १८९० मध्ये त्यांनी निबंध छापला आणि फोटोग्राफी अंदाजातून आकड्यांत आली.

मला नेहमी वाटायचं हे दोघे पॅरिस-व्हिएन्नासारख्या ठिकाणचे असतील. आणि निघाले या धुरातले. गावात ऊन नीट दिसत नसताना उजेडाचं मोजमाप!

पापडखार

वा! हे माझ्याकडून सुटलंच होतं. आणि हर्टरचं दिवसाचं काम त्याहून रंजक आहे. तो हेन्री डीकनच्या कारखान्यात. डीकन आधी हचिन्सनकडे व्यवस्थापक होता, मग स्वतंत्र झाला. कायद्यामुळे आम्ल पकडावं लागायचं आणि त्याचं करायचं काय हा प्रश्न होता. डीकनने १८६८ च्या सुमारास युक्ती काढली: तोच हायड्रोजन क्लोराइड हवेबरोबर तापलेल्या तांब्याच्या क्षारावरून न्यायचा, क्लोरीन मिळतो. त्यामागचं गणित हर्टरने बसवलं. जी घाण नाल्यात ओतत होते तिचीच ब्लीचिंग पावडर झाली. पुढे सॉल्व्हेच्या स्वस्त सोड्याने लेब्लांकवाल्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा हे कारखाने तगले ते ब्लीचिंग पावडरवरच. सोडा तोट्यात, धूर नफ्यात!

१८९० मध्ये लेब्लांकच्या जवळपास ५० कंपन्यांनी एकत्र येऊन 'युनायटेड अल्कली' काढली. तरी वेळ टळली नाही. १८९७ पासून पलीकडे रनकॉर्नला विजेने मिठाच्या पाण्यातून थेट क्लोरीन निघायला लागला आणि लेब्लांकचा हा शेवटचा आधारही गेला.

डोंबिवली_फास्ट

कुजक्या अंड्यांचा वास वाचून घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला होता. पाहुणे विचारतात, वास कसला? आम्ही विचारतो, कुठला वास?

खुसपट

+१. धाग्याचा डोंबिवली धागा होण्याआधी आवरा.

भूलवाले_डॉक्टर

मीही एक वीट लावतो. मी भूलतज्ज्ञ, सांगलीकडे प्रॅक्टिस. आमची पिढी ज्याच्यावर शिकली ते हॅलोथेन १९५१ मध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या विडनेसच्या प्रयोगशाळेत जन्मलं. चार्ल्स सकलिंग नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते बनवलं. अपघाताने नव्हे, ठरवून: पेट न घेणारं, लवकर भूल देणारं आणि शरीरात फारसं न बदलणारं द्रव्य हवं, मग रेणूत फ्लोरीन कुठे आणि ब्रोमीन कुठे. १९५६ मध्ये मँचेस्टरला मायकल जॉन्स्टन यांनी रुग्णांवर वापरलं.

त्याआधी ईथर. ईथर पेट घेतं, आणि खोलीत शस्त्रक्रियेची विजेची उपकरणं. माझे गुरुजी सांगायचे, ईथर सुरू असताना कोणी कॉटरी (विजेने डागायचं उपकरण) मागितली तर हातपाय गार पडायचे. हॅलोथेन आलं आणि ती भीती गेली. गोडसर वास, त्यामुळे लहान मुलं मास्कला फार विरोध करायची नाहीत. मी निवासी डॉक्टर असताना गावाकडच्या छोट्या रुग्णालयांत एवढुसं व्हेपोरायझर (औषधाची वाफ करणारं यंत्र) आणि ही तपकिरी बाटली एवढ्यावर अर्धी शस्त्रक्रिया-यादी उरकायची. पुढे क्वचित कोणाचं यकृत बिघडतं हे कळलं, नवी औषधं आली, आता आमच्याकडेही दिसत नाही. पण या धाग्यावरच्या चाळिशीपुढच्या कितीतरी जणांचं अपेंडिक्स विडनेसच्या कृपेने सुखरूप निघालं असेल.

तिरकस

माझंच. १९८७, मिरज. आता हळहळतो थोडा.

भूलवाले_डॉक्टर

मिरज १९८७? मग वास आठवत असेल.

तिरकस

वास आठवतो आणि दहापर्यंत आकडे मोजायला सांगितलेले आठवतात. चारनंतरचे नाही आठवत.

वाचतेय_फक्त

काका, पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. सॉल्व्हेवाल्यांचं काय झालं? त्यांच्यामुळे विडनेस बुडालं म्हणता, ते कोण?

पापडखार

तेच तर! तेही विडनेसनेच घडवलेले. १८६२ मध्ये लुडविग माँड नावाचा जर्मन तरुण हचिन्सनकडे आला, गॅलिगूतून गंधक परत मिळवायची पद्धत घेऊन. हचिन्सनच्याच कचेरीत जॉन ब्रुनर कारकुनी करत होता. दोघांची गट्टी जमली. १८७३ मध्ये त्यांनी नॉर्थविचजवळ विनिंग्टनला सॉल्व्हेचा परवाना घेऊन कारखाना काढला, 'ब्रुनर माँड'. मीठ, अमोनिया, चुनखडी. ना आम्लाचा धूर, ना गॅलिगू. १८८९ मध्ये पाळी बारा तासांवरून आठ तासांची केली. १९२६ मध्ये ब्रुनर माँड, युनायटेड अल्कली आणि आणखी दोन कंपन्या मिळून आयसीआय झाली. म्हणजे ज्यांनी बुडवलं ते आणि जे बुडाले ते, एकाच घरात नांदायला लागले.

आणि आपल्या दृष्टीने मजेचा भाग: ब्रुनर माँड हे नाव पुढे आयसीआयपासून वेगळं झालं आणि २००६ मध्ये टाटा केमिकल्सने ती कंपनी विकत घेतली. मुंबईत फोर्टातलं बॉम्बे हाउस आणि चेशरचं मीठ! विनिंग्टनचा सोडा २०१४ मध्ये बंद झाला, तोही टाटांच्याच काळात. लेब्लांकला हरवणाऱ्या कारखान्याला कुलूप लावायचा निर्णय मुंबईच्या कंपनीच्या हातून झाला, हे माँडला सांगितलं असतं तर त्याने पाइप खाली ठेवला असता.

सायली_मर्सीकाठ

माँड पाइप ओढायचा?

पापडखार

ते माझ्या मनचं. पकडलंस.

वाचतेय_फक्त

:) अजून एक भाबडा प्रश्न. तुमचा आयडी पापडखार. तो आणि हा सोडा एकच का? आई उन्हाळ्यात उडदाच्या पापडात घालते.

पापडखार

नातेवाईक आहेत. पापडखारात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट दोन्ही असतात, लेब्लांकचा आणि सॉल्व्हेचा धुण्याचा सोडा म्हणजे यातलं कार्बोनेट. म्हणून धुण्याचा सोडा पापडात घालू नकोस, खाण्यासाठी म्हणून मिळतो तोच घे. आमच्या हिने एकदा डबे अदलाबदल केले होते. पापड फुलले छान, पण जीभ दोन दिवस सोलवटलेली.

जावयाने काल आपणहून विचारलं, "बाबा, शनिवारी नॉर्थविच का?" तर पुढचा भाग नॉर्थविचचा. तिथे मीठ इतकं उपसलं की घरंच्या घरं जमिनीत कलली. खुसपटराव, शंका तयार ठेवा.